गावतळ्याचं गणित

यंत्र शिकवायला लागल्यापासून ढोलेबाईंकडे शंका घेण्याचं तेवढं काम उरलं होतं. शिकवणारी प्रणाली मुक्त होती. गावातला कुणीही धड्यात बदल सुचवू शके, फक्त शेवटी बाईंची मंजुरी लागे.

आज चौथीच्या गणितात बारा एकरांचं गावतळं नऊ एकरांचं झालं होतं. कारण लिहिलं होतं, 'मुलांना सोपं जावं म्हणून.' मुलांचा हा कळवळा सरपंचांच्या मेहुण्याला आला होता, आणि त्याचं शेत तळ्याला लागूनच होतं.

तेवढ्यात सरपंच स्वतःच वर्गात आले. "बाई, एवढं काय वाचताय? दाबा की मंजुरी."

"अण्णा, या गणितात तळ्याचे चार सारखे भाग करायचेत. बाराला चारनं भाग जातो, नवाला जात नाही. मग सोपं झालं कुणाला?"

"फार संशयी बुवा तुम्ही!"

बाई हसल्या नाहीत. आज मंजुरी दिली, तर ही पोरं जन्मभर नऊच सांगतील आणि तीन एकर मागायला कुणी उरणार नाही. त्यांनी कपाटातून मोजायची लांब फीत काढली.

"चला रे, सगळे तळ्यावर! आणि अण्णा, आलाच आहात तर हे टोक तुम्ही धरा."