दुधाची ओळ

“‘शेजारच्या तान्ह्या बाळासाठी दूध आणायला निघालेला वेंडेल टार्व्हर, वय एकोणीस, याच कोपऱ्यावर गोळी लागून मरण पावला. जुलै १९६७.’” महापालिकेच्या जनेलने कागद खाली ठेवला. “बरोबर आहे ना, मिस ओडेसा? उद्या स्मारकाची पितळी पाटी ओतायला जाईल.”

वेंडेल ओडेसाचा थोरला भाऊ. अमेरिकेतलं नेवार्क शहर पेटलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गोऱ्या पोलिसांनी एका काळ्या टॅक्सीवाल्याला बेदम मारलं आणि पाच दिवस रस्त्यांवर काचा, धूर आणि बंदुका. वेंडेल तिसऱ्या दिवशी गेला.

दुधाची गोष्ट आईने सांगितली होती. दफनाच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर, एका बातमीदाराला. मग ती साऱ्या वस्तीची झाली. दर जुलैला कुणी ना कुणी त्या कोपऱ्यावर दुधाची बाटली ठेवून जाई. ओडेसा त्या दिवसांत वाट वाकडी करून घरी येई. आई गेली, तरी ओडेसाने ती गोष्ट मोडली नाही.

“दूध नव्हतं,” ती आता म्हणाली. “फुटलेल्या दुकानातून बूट घेऊन पळत होता. पोलिसांनी पाठीत गोळी घातली त्याला.”

जनेलने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “हे लिहिलं तर लोक म्हणतील, चोर होता. दूधच राहू द्या की. इतकी वर्षं राहिलंच ना?”

“आईही हेच म्हणाली होती. दुधासाठी मेला तर कुणाचं तरी लेकरू, बुटांसाठी मेला तर चोर. पण पाठीतली गोळी तीच ना, पोरी?”

जनेलने दुधाची ओळ खोडली. “काय लिहू?”

“बूट लिही. पांढरे, नर्सचे. सोमवारपासून मला इस्पितळात शिकायला जायचं होतं.”

“म्हणून तो गेला?”

“तो कुठला जातोय. रात्रपाळी करून आला होता, गाढ झोपला होता.” ओडेसाने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. “मीच त्याला हलवून उठवलं.”