वजा दहा

फ्रेम उभी राहिली, पण पाइप काही जुळेनात. छतातून खाली आलेले चार पाइप आणि फ्रेमवरचे चार पाइप, मध्ये मुठीएवढी जागा रिकामी. बदनापूरच्या त्या नव्या दवाखान्यात सगळेच माना वर करून ती फट बघत राहिले.

पाण्याचे, सांडपाण्याचे सगळे पाइप जालन्याच्या शेडमध्येच लोखंडी फ्रेमवर जोडायचे, टेम्पोत घालायचे आणि इथं आणून नुसते बसवायचे, असं साहेबरावांचं काम. इथं येऊन पुन्हा कापाकापी करायची म्हणजे अब्रूच गेली की!

"माप कोणी घेतलं?" सुपरवायझर आदिनाथनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता प्रीतीकडे बघत साहेबरावांना म्हणाला, "मामा, तुम्ही सोता यायला पायजे होतं. बाकीच्या खोल्यांची मापं आता दुसऱ्या कोणाकडून घेऊ. पोरीच्या भरवशावर न्हाई जमायचं."

प्रीती साहेबरावांची लेक. एकटीनं माप घ्यायची तिची ही पहिलीच खेप. ती कमरेची टेप काढून जमिनीपासून वरच्या पाइपापर्यंत पुन्हा मापायला लागली.

टेप साहेबरावांचीच. तिचं टोक कधीचं तुटलेलं, म्हणून बापलेक दहा सेंटीमीटरच्या आकड्यापासून माप धरायचे. टेपवर दिसेल तो आकडा प्रीती ओरडून सांगायची आणि साहेबराव मनातल्या मनात त्यातून दहा वजा करायचे. सोबत असले की असंच चालायचं. परवा मात्र ती एकटी इथं आली होती. फोनवर म्हणाली, "दोनशे छत्तीस, पप्पा. बराबर माप हाय." साहेबरावांनी पाइप कापले ते दोनशे सव्वीसवर.

"दोनशे छत्तीस," प्रीती शिडीवरून म्हणाली. मग तिनं फ्रेमला टेप लावली. आकडा बघितला, बापाकडे बघितलं आणि टेप मिटून टाकली.

तिला कळलं होतं. कळूनही पोरगी तोंड मिटून उभी होती. आपण गप्प बसलो तर हिच्याच माथी बसेल आणि ही ते मुकाट घेईल, हे साहेबरावांना स्वच्छ दिसलं.

"तिचं माप बराबर हाय, आदिनाथ," ते म्हणाले. "दहा म्या काढले. तिनं आधीच काढले व्हते. म्हटलं, पोरगी पहिल्यांदा एकली गेल्ती, इसरली असंल. बराबर हाय म्हणून सांगून राह्यली ती, अन् म्या काय ऐकलं न्हाई."

आदिनाथ डोकं खाजवायला लागला. "अन् बाकीच्या खोल्या?"

"तीच मापंल. जोडाचे तुकडे म्या आत्ता लावून देतो."

प्रीतीनं नाक ओढलं आणि पुन्हा शिडी चढली. फटीला टेप धरली.

"दहा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वजा करून सांगितलंय, पप्पा."

साहेबराव खाली मान घालून पाइपावर खूण करत होते.

"म्या इचारलं का?" ते म्हणाले, आणि त्यांनी कटर चालू केला.