धूळ किती वर्षं ठेवायची

ईमेलच्या नोंदी दोन वर्षं ठेवायच्या, हजेरीच्या तीन, बिलांच्या आठ. बैठकीत चहा येईपर्यंत अर्धा कारखाना पुसायचं ठरूनही गेलं. कॉम्प्युटरवाला खुशीत होता. सर्व्हर गळ्यापर्यंत आलाय, जुनं काढल्याशिवाय नवं मावायचं नाही, हे रडगाणं त्याने सकाळपासून लावलं होतं. मॅनेजरला एकच शब्द ठाऊक होता, व्यवहार्य. प्रत्येक नोंदीची मुदत व्यवहार्य हवी.

मग पडद्यावर पुढची ओळ आली: ग्राइंडिंग शेड, हवेतली धूळ.

सुरक्षा अधिकारी सावरून बसला. त्याला सगळे नाट म्हणत, कारण चालत्या कामाला तो नाट लावायचा. शेडच्या भिंतीवरचं यंत्र दिवसभर धूळ मोजतं आणि आकडे कॉम्प्युटरकडे पाठवतं. त्याच धुळीत नाटच्या बायकोचा धाकटा भाऊ नऊ वर्षं लोखंड घासतोय. नोकरी नाटनेच लावून दिली होती. हल्ली तो जिना चढताना मध्येच थांबतो आणि चपलेत खडा गेल्याचं निमित्त करतो. उद्या छातीत काही निघालं, तर त्याने किती धूळ खाल्ली हे सांगायला या आकड्यांशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

"पाच वर्षं पुरे," कंपनीचा वकील म्हणाला.

"धुळीचा रोग बाहेर यायलाच पंधरा लागतात, साहेब."

"म्हणूनच पाच."

कुणी हसलं नाही. लाजलंही नाही. मॅनेजरने बिस्किट चहात बुडवलं आणि शाबूत बाहेर काढलं.

नाटने भांडण टाळलं. माणसांचा विषय निघाला की या खोलीतले कान बंद होतात, हे त्याला पाठ होतं. त्याने पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. धूळ ओढणाऱ्या पंख्याचा फिल्टर. नोंदी फिल्टर असेपर्यंत. या इतक्या कशाला, त्याने विचारलं. फिल्टर लवकर फाटला तर बनवणाऱ्याकडून भरपाई वसूल करता यावी म्हणून, कॉम्प्युटरवाला म्हणाला. मग त्यात धूळ किती गेली हे दाखवावं लागेलच की, नाट म्हणाला. धुळीचे आकडे फिल्टरखाली टाका.

वकिलाने मान डोलावली. नाट आज पहिल्यांदा कंपनीच्या फायद्याचं बोलला, असं म्हणून मॅनेजरने त्याची पाठ थोपटली. मुदत बदलली. पुढची ओळ आली.

संध्याकाळी मेव्हणा घरी आला. पाणी प्यायच्या आधीच त्याने विचारलं, काय झालं. नाटने बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावून घेतलं आणि दोघांना सगळं रंगवून सांगितलं. कशी त्या लबाडांच्या हातावर तुरी दिली, कसे आकडे आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाहीत.

"माझ्या नावावर राहतील?" मेव्हण्याने विचारलं.

"नाही रे. फिल्टरच्या. तो असेपर्यंत."

मेव्हणा खोकला. बराच वेळ खोकला. बहीण पाठीवर हात फिरवत राहिली. मग त्याने तोंड पुसलं.

"फिल्टर दर महिन्याला बदलतात, दाजी."