पूर्ण दाबलेला क्लच

"गिअरबॉक्स खोल," गाडीतून उतरायच्या आधीच हिरालालजींनी हुकूम सोडला. "आतले दात पाह्य. हिनं सारे झिजवून टाकले."

ही म्हणजे त्यांची सून तृप्ती. ती मागच्या सीटवर बसली होती, कारण पुढे बसायला त्यांनी मनाई केली होती. कवडूचे गॅरेज मोहाडीच्या बाजाराच्या तोंडाशीच, आणि तो दिवस आठवडी बाजाराचा. भांडण ऐकायला माणसे आयतीच हजर होती. हिरालालजींना तेच हवे होते.

हिरालालजी एस.टी.त एकतीस वर्षे ड्रायव्हर. पवनीपासून नाकाडोंगरीपर्यंत सगळे रस्ते त्यांच्या पायाखालचे. आपण एकदाही गिअर वाजू दिला नाही, हे ते लग्नातही सांगत आणि मयतीतही. आणि आता त्यांच्याच गाडीत दुसरा गिअर टाकताना खर्र आवाज येई. रिव्हर्स टाकला की रस्त्यात झोपलेली कुत्री उठून जात.

तृप्ती नाकाडोंगरीकडच्या एका शाळेत शिकवायची. दोन बस बदलून पोचेपर्यंत पहिला तास संपून जाई, म्हणून दीड वर्षापासून ती हीच गाडी नेत होती. नवरा अनुप नागपूरला नोकरीला. त्याने फोनवरच निवाडा दिला होता, कवडू सांगेल ते खरे. हिरालालजींनी त्याचा सरळ अर्थ लावला. दोष हिचा निघाला की किल्ली आपल्या खिशात, मग हिची नोकरी राहो नाहीतर जावो. त्यात गेल्या महिन्यात तिने त्यांनाच ऐकवले होते, मामाजी, शुगर वाढली तुमची, तुम्ही आता गाडी नका चालवू. तेव्हापासून घरात दोघांच्या वतीने भांडीच बोलत होती.

कवडूची एक सवय होती. गाडी कोणाचीही असो, तो चप्पल बाहेर काढून अनवाणी आत बसे. क्लच कुठे धरतो, कुठे सोडतो, ते पायालाच कळते असे त्याचे म्हणणे. त्याने इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकले. सगळे गुमान बसले. इंजिन चालू करून टाकले, तरी आवाज नाही. क्लचची वायर तपासली. ऑइल बोटांवर चोळून पाहिले, त्यात लोखंडाचा चुरा नव्हता. मग तहसील कार्यालयापर्यंत चक्कर मारून आला. काहीच नाही.

मग त्याने तृप्तीला चालवायला सांगितले. तिने दातओठ खात चालवली, पण गाडी एका शब्दाने कुरकुरली नाही.

"तू संग बसला म्हणून नीट चालवून राहिली," हिरालालजी म्हणाले. "एकटी असली की पाहा लागते हिले."

"मी एकटी असताना मामाजींना कसं दिसते?" तृप्तीने कवडूला विचारले. सासऱ्यांशी ती सकाळपासून बोलत नव्हती.

भाजीवाल्यांपैकी कोणीतरी हसले. झाले. हिरालालजी उसळले आणि तिला बाजूला करून स्वतः बसले. दुसरा गिअर टाकला. खर्र. रिव्हर्स टाकला. खर्रर्र.

त्यांनी जिंकल्यासारखे सगळ्यांकडे पाहिले.

कवडू मान खाजवत उभा राहिला. "काकाजी, मी चालवली, मॅडमनं चालवली. तुमच्याच हातून काहून वाजते?"

मग जे सुरू झाले ते अर्ध्या बाजाराने ऐकले. कालचा पोरगा मले गाडी शिकवून राहिला. तुझ्या बापाले बसच्या टपावर मी चढवत होतो. नसेल जमत तर गाडी भंडाऱ्याला नेतो. कवडूचेही डोके तापले. उत्तर न देता त्याने ड्रायव्हरकडचे दार सताड उघडले आणि गुडघ्यावर बसून पॅडलकडे पाहू लागला.

"क्लच दाबा."

"दाबला."

कवडूने पॅडलखाली हात घातला. चार बोटे सहज मावत होती. "पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबला आहे. तुले दिसत नाही का?"

पॅडल जिथे होते तिथेच होते. अर्ध्या क्लचवर गिअर टाकला की वाजणारच, हे एस.टी.त एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी सांगायचे?

तृप्तीने सांगितले. "महिन्यापासून हेच सांगून राहिली मी. तुमचा पाय पुरत नाही आता. पण गाडी तुमची, मान तुमचा, अन् बोलणी मले."

"किल्ली भेटणार नाही तुले," हिरालालजी गरजले. "उद्यापासून घरी बस."

तिचे डोळे भरून आले, पण रागानेच. कवडूला तिची दया आली आणि म्हाताऱ्याचीही. त्याने एक पळवाट काढली. स्लिपर जाड आहे, मॅटमध्ये अडकत असेल, काढून एकदा दाबून पाहा, म्हणाला. दोष चपलेवर गेला तर दोघांची लाज राहिली असती.

हिरालालजींनी दोन्ही पाय दाराबाहेर काढून रागारागाने झटकले. उजवी स्लिपर खाली पडली. डावी पडली नाही. कवडूने ती मागून धरून ओढली, तर तिच्यासोबत पायही आला. त्याने पाय उचलून खाली पाहिले. स्लिपरच्या तळाला गंजलेल्या खिळ्याचे डोके होते, छपराचे पत्रे ठोकतात तसल्या लांब खिळ्याचे. बाकीचा खिळा टाचेत होता. रबरावर वाहिलेले रक्त काळे पडून सुकले होते.

तृप्तीने तोंडावर हात धरला. कवडूला पाय खाली ठेवता येईना, वर धरवेना.

"पाहून काय राहिला नुसता?" हिरालालजी खेकसले. "ओढ ना जोरानं. एवढी चप्पल निघत नाही का तुझ्यानं?"