हॉर्नचा रिले

चावी फिरली. डॅशबोर्डवरचे दिवे लखलखले, पण इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

मागच्या सीटवर दिवस भरलेली सून, तिला धरून सासू, पुढे घामाघूम झालेला नवरा. फोन करून बोलावलेली दुसरी गाडी पुलापलीकडे अडकली होती. कळा आता लागोपाठ येऊ लागल्या होत्या.

"बॅटरीच गेली वाटतं," नवरा म्हणाला.

"दिवे बघा की कसे झगझगताहेत. बॅटरी ठणठणीत आहे." सून दार उघडून खाली उतरली. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवत होती ती. नवऱ्याला पंक्चरसुद्धा काढता येत नसे.

"अगं, कुठे निघालीस अशी?"

"बॉनेट उघडा आधी."

बॉनेटखाली सगळं आरशासारखं लख्ख. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "इंजिनाला आंघोळ कुणी घातली?"

"काल... पाइप लावून. म्हटलं, बाळ स्वच्छ गाडीतून घरी यावं."

"साबणही लावलात?"

"थोडासाच."

ती हसली आणि हसता हसताच वाकली. कळ आली होती. गाडीची कड धरून ती खाली मान घालून उभी राहिली. सासूचे ओठ हलत होते. देवाचं नाव चाललं होतं, आवाज नव्हता. कळ ओसरली तशी सुनेने फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. आत काळ्या चौकोनी डब्यांची ओळ होती.

"आई, इथे बोट ठेवा. हा स्टार्टरचा रिले. चावीचा हुकूम हाच पुढे पोचवतो. अहो, फिरवा चावी! लागलं काही बोटाला?"

"नाही गं."

"आता याच्यावर ठेवा. हा हॉर्नचा. अहो, हॉर्न दाबा."

हॉर्न केकाटला. सासूच्या बोटाला आतून इवलीशी टिचकी बसली. तिने हात झटकन मागे घेतला. "जिवंत आहे गं हा!"

"आणि तो मुका. पाणी शिरलंय त्याच्यात." सुनेने दोन्ही उपसून काढले. "एकाच मापाचे आहेत. हॉर्नचा इथे लावते. गाडी सुरू झाली तर दोष त्या मुक्याचाच. नाही झाली, तर मी पायी निघते."

रिले अर्धा बसला आणि पुढची कळ आली. तिचे डोळे मिटले, कपाळावरची शीर तटतटली; पण बोटं रिलेवरून ढळली नाहीत. सासूला स्वतःची बाळंतपणं आठवली. अशा वेळी तिला कुणी नाव विचारलं असतं, तर तेही सांगता आलं नसतं.

टक्. रिले बसला.

"फिरवा."

इंजिन धडधडत जागं झालं. सासूचे हात आपोआप जोडले गेले. समोर सून होती.

"हॉर्न मात्र वाजणार नाही हं," आत बसत ती नवऱ्याला म्हणाली.

चौकात एक ट्रक आडवा उभा होता. सवयीने नवऱ्याचा तळवा हॉर्नवर पडला. काहीच वाजलं नाही.

आणि मागच्या सीटवरून ती ओरडली.

ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं, पाहिलं आणि ट्रक कडेला घेतला. त्याच्यापुढचा टेम्पो सरकला, दुचाक्या बाजूला झाल्या, माणसं फूटपाथवर चढली. आणि रस्ता थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत उघडत गेला.