अंगणातली कुऱ्हाड

आभाळ गडगडलं आणि ताईबाईने पुन्हा अंगणात कुऱ्हाड भिरकावली. लोखंड दिसलं की गार माघारी फिरते, ही त्यांच्या तापीकाठच्या गावातली जुनी समजूत.

"माय, मी इथे गारांची वाट बघतेय आणि तू त्यांना हाकलतेस!" हेमांगी वैतागली.

"मंग? मनी केळी आडवी व्हऊ देऊ?"

हेमांगीने मान वर करून ढगांकडे पाहिलं. पुण्याला शास्त्रज्ञ झाल्यापासून ती दिवाळीलाही घरी धड टिकली नव्हती. यंदा होळीनंतर मात्र रडारची गाडी घेऊन थेट गावातच उतरली. गार सरळ पडते की कोलांट्या खात, हे रडारवरून कळतं, असं तिने आईला समजावलं. "डोकावर टेंगूळ उठनं का समजस," ताईबाई म्हणाली, आणि गावभर हसू झालं. "एक चांगली गारपीट सापडली की आमचा मुक्काम हलला," असंही हेमांगीने तेव्हाच सांगितलं होतं. ताईबाई भाकरी थापत राहिली.

मग रोजचंच झालं. दुपारी ढग यायचे, कुऱ्हाड पडायची, ढग अमळनेरकडे सरकायचे. संध्याकाळी ताईबाई लेकीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी वाढायची आणि ती जेवून उठेपर्यंत तिच्याकडे बघत बसायची. हेमांगीचं लक्ष सगळं आभाळात. महिनाभरात शेताकडे तिचं पाऊल वळलं नाही.

आज मात्र कुऱ्हाडीला न जुमानता गारा कोसळल्या. पत्रे तडतडले. रडारच्या पडद्यावर गारांचा पट्टा उमटला आणि हेमांगी लहान पोरीसारखी नाचली. गारपीट ओसरताच ती बर्फाची पेटी घेऊन धावली. पडलेल्या गारा वितळायच्या आत मोजायच्या होत्या. नाल्यापलीकडे त्यांचंच शेत. आईची केळी गेली, आणि आपण मात्र नाचलो.

ती बांधावर पोचली आणि थबकली. शेतात केळीचं एकही उभं झाड नव्हतं, आडवंही नव्हतं. नुसते कापलेले खुंट, तेही केव्हाचे वाळलेले. बाग होळीच्या आधीच कापून गेली होती.

मागून ताईबाई आली, भिजलेली, हातात कुऱ्हाड.

"माय, केळी तर कधीच कापलीय. मग रोज ही कुऱ्हाड कशासाठी फेकत होतीस?"

ताईबाईने वाकून एक टपोरी गार उचलली, पदराला पुसली आणि लेकीच्या पेटीत ठेवली.

"सापडन्यात ना तुन्या गारा?" ती म्हणाली. "मंग आते कव्हय निंघशी?"