ब्याण्णव टक्के एआय

"तन्वीरचा निबंध एआयने लिहिलाय. सॉफ्टवेअर ब्याण्णव टक्के म्हणतंय," प्राचार्य तन्वीरला समोर उभं करून आम्हा प्राध्यापकांना म्हणाले.

मी कॉलेजच्या वार्षिकांकातलं त्यांचंच संपादकीय त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. "सर, हे तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलंत. हेही शहाण्णव टक्के एआयचं!"

सगळे हसले. सरही. "जा रे, सुटलास!"

मी मात्र हसले नाही. मागच्या वर्षी याच सॉफ्टवेअरवर विसंबून मी रेणुकाला चोर ठरवलं होतं. "मॅडम, मीच लिहिलंय हो," म्हणत ती रडली आणि कॉलेज सोडून गेली.

मी तिच्या घरी फोन लावला. "चूक माझी होती. तिला परत पाठवा, मी भांडेन तिच्यासाठी."

तिची आई म्हणाली, "मॅडम, ती आता किराण्याची यादीसुद्धा माझ्याकडून लिहून घेते."